हात धुवायचे पाणी

आरोग्याच्या धड्यात चांगल्या सवयींची एक यादी असते. जेवणापूर्वी हात धुवावेत, नखे कापावीत, रोज अंघोळ करावी, अनवाणी फिरू नये. शिक्षक ही यादी फळ्यावर लिहितात, मुले वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत ती बिनचूक येते. या यादीत एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते. पाणी, साबण आणि चपला प्रत्येकाच्या हाताशी आहेत, अशी आपली समजूत असते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाचा कचरा, मैला आणि मेलेली जनावरे उचलली, त्यांच्या बाबतीत ही समजूत कितपत खरी होती?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही रायगड जिल्ह्यातल्या एका लहानशा भागाचा इतिहास येथे पाहणार आहोत. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, घाट उतरून पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. घाटावरचा माल आणि खाडीतून येणारा माल यांची गाठ पडण्याची जागा म्हणून महाडची बाजारपेठ वाढली. बाजारपेठ आली की वस्ती येते, वस्तीबरोबर घाण येते आणि ती उचलणारी माणसेही लागतात. त्यांचे आरोग्य कोणाच्या हाती होते, हा आपला विषय आहे.

मोडेनाचा वैद्य

महाडकडे जाण्याआधी थोडे दूर जाऊ. इटलीतील मोडेना शहरात बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होते. त्यांच्या घरचा शौचकूप उपसायला एक कामगार आला. तो फार घाईने काम करताना पाहून रामाझ्झिनींनी त्याला दमाने काम करायला सांगितले. त्यावर त्याने दिलेले उत्तर असे होते, की या खड्ड्यात चार तासांहून अधिक राहणारा माणूस आंधळा होतो. तो वर आला तेव्हा त्याचे डोळे लालभडक झालेले होते. रामाझ्झिनींनी मग शहरात चौकशी केली, तेव्हा हेच काम करून दृष्टी गमावलेले आणि भीक मागून जगणारे काही जण त्यांना आढळले. या कामगारांच्या खिशातली तांब्याची नाणी काळी पडतात, अशीही त्यांनी नोंद केली.

नाणी काळी का पडत, हे आज माध्यमिक शाळेतला विद्यार्थीही सांगू शकेल. मैला हवेशिवाय कुजू लागला की हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याची तांब्याशी क्रिया होऊन काळे सल्फाइड बनते. तोच वायू डोळ्यांच्या नाजूक आवरणालाही इजा करतो. रामाझ्झिनींना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. त्यांनी केलेली गोष्ट साधी होती. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारताना ‘तुझा धंदा कोणता?’ हा आणखी एक प्रश्न वैद्याने विचारावा, असे त्यांनी सुचवले. १७०० साली त्यांनी कामगारांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यातून व्यवसायजन्य आरोग्य या शास्त्राची सुरुवात झाली. म्हणजे सफाई कामगाराचे दुखणे त्याच्या स्वभावातून किंवा सवयींतून येत नाही, कामाच्या परिस्थितीतून येते, ही गोष्ट शास्त्राला तीनशे वर्षांपूर्वीच ठाऊक झाली होती.

गावची घाण आणि गावचे पाणी

आपल्याकडे या कामाला जातीचे कुंपण होते. कोकणातल्या खेड्यांत मेलेली गुरे ओढून नेणे आणि गावची स्वच्छता ठेवणे ही कामे महारकीचा भाग होती. मुंबईसारख्या शहरात मैला वाहण्याचे काम हलालखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामगारांकडे होते. त्यांतले पुष्कळसे गुजरातेतून आलेले होते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा अधिकाऱ्यांना मोठी धास्ती होती ती हे कामगार शहर सोडून जातील याची. ते गेले तर शहरच रिकामे करावे लागेल, हे त्यांना कळून चुकले होते. ज्यांच्यावाचून शहर चालत नाही, त्यांना धरून ठेवण्याचे उपाय मात्र दंडाचे होते. पंजाबच्या १९११ च्या आणि संयुक्त प्रांताच्या १९१६ च्या नगरपालिका कायद्यांत, पूर्वसूचना न देता काम सोडणाऱ्या सफाई कामगाराला शिक्षेची तरतूद होती. इतर नोकराने गैरहजर राहणे हा करारभंग ठरतो, याचा तो गुन्हा ठरत असे.

आता महाडला येऊ. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त झाले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली आणि विटाळाच्या कल्पनेला शास्त्रार्थाचे सव्वीस प्रश्न विचारावेत तसे जाहीर आव्हान दिले. पुढे महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर बसायला इतर सभासदांनी हरकत घेतली. गावच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या बोर्डावर, गावची घाण उचलणाऱ्या समाजाच्या प्रतिनिधीला बसायला जागा मिळणेसुद्धा अवघड होते.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा त्यात पुढाकार होता. परंतु ठराव कागदावरच राहिला. तळ्याकाठी जाण्याची कोणाची हिंमत झाली नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. (कुलाबा जिल्ह्याचे रायगड हे नाव १९८१ मधले.) दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे हे परिषदेच्या प्रमुख संयोजकांपैकी एक होते. परिषदेसाठी आलेल्या काही हजार माणसांना पिण्यासाठी ४० रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा पसरली, प्रतिनिधींवर हल्ले झाले, माणसे जखमी झाली.

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण इतिहासाच्या पुस्तकात समतेचा लढा म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. स्वतः आंबेडकरांनीही, हे पाणी प्याल्याने आपण अमर होणार आहोत असे नाही, माणूस म्हणून असलेला हक्क आपल्याला बजावायचा आहे, अशा आशयाची भूमिका मांडली होती. मात्र विज्ञानाच्या शिक्षकाने याच घटनेकडे आणखी एका बाजूने पाहावे, असे आम्हाला वाटते. सर्वांत जास्त घाण ज्याला हाताळावी लागते, त्यालाच सर्वांत कमी पाणी, अशी ही व्यवस्था होती. रोगप्रसाराच्या दृष्टीने याहून उलटी व्यवस्था सांगणे कठीण आहे.

विटाळ आणि जंतू

सत्याग्रहानंतर शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांचे १०८ घडे वापरून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. आता जरा जंतुशास्त्राचा इतिहास आठवू. रॉबर्ट कॉख १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा अभ्यास करत होते. तेथील एका तळ्याच्या काठच्या वस्तीत पटकीचे रोगी सापडले. त्याच तळ्यात लोक रोग्यांचे कपडे धुवत आणि त्याचेच पाणी पीत. कॉख यांना त्या पाण्यात पटकीचे स्वल्पविरामासारखे वळलेले जिवाणू आढळले. तळ्याचे पाणी कशाने दूषित होते, हे त्यामुळे हिंदुस्थानातच, आणि एका तळ्यावरच, दिसून आले होते. महाडच्या घटनेपूर्वी ४३ वर्षे ही गोष्ट माहीत होती.

पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे तपासताना प्रयोगशाळेत आज काय पाहतात? त्यात कोलिफॉर्म गटाचे जिवाणू, विशेषतः ई. कोलाय, आहेत का हे पाहतात. हे जिवाणू माणसांच्या आणि गुराढोरांच्या आतड्यांत राहतात. ते पाण्यात सापडले तर त्या पाण्यात विष्ठा मिसळली असा अर्थ होतो. म्हणजे एखाद्या जिवाणुशास्त्रज्ञाने १९२७ साली तळ्याच्या पाण्याचे नमुने शुद्धीपूर्वी आणि शुद्धीनंतर घेतले असते, तर शेण मिसळल्यानंतरच्या नमुन्यात दूषितपणाची खूण वाढलेलीच त्याला दिसली असती. ओंजळीने पाणी पिणाऱ्या माणसाची जात मात्र कोणत्याच चाचणीत दिसली नसती.

या वर्गपाठात एक धोकाही आहे, तो शिक्षकांनी टाळावा. ‘त्या काळी लोक अडाणी होते’ असे म्हणून विषय संपवणे सोपे असते. महाडच्या प्रतिष्ठितांमध्ये शिकलेली माणसे होती. जंतूंचा सिद्धांत छापील पुस्तकांत होता. शास्त्र ठाऊक असूनही व्यवहार बदलत नाही, हा इथला खरा धडा आहे.

नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. तळे खासगी असल्याचा दावा करून काही सवर्ण कोर्टात गेले. डिसेंबरमध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. हा खटला पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. अस्पृश्यांना मनाई करणारी रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. एका सार्वजनिक तळ्यातून पाणी घेता येते, एवढी गोष्ट कायद्याने ठरवायला दहा वर्षे लागली.

डोक्यावरची पाटी

याच सुमारास कोकणातल्याच दुसऱ्या एका माणसाने या कामाकडे वेगळ्या बाजूने पाहायला सुरुवात केली होती. अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात कैदी होते. त्यांनी तुरुंगातले भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. तुरुंगाच्या नियमांनुसार ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचे असल्याने त्यांना नकार मिळाला. त्यांनी अन्न कमी केले. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण सुरू केले आणि अखेर सरकारने माघार घेतली. उच्च मानल्या गेलेल्या जातीच्या माणसाला घाण उचलण्याची बंदी आणि दुसऱ्याला ती उचलण्याची सक्ती, या एकाच नियमाच्या दोन बाजू होत्या.

अप्पासाहेबांनी पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम उभारला आणि संडासाच्या रचनेवर काम केले. त्यांचा विचार प्रयोगशील होता. मैल्याला कोणाचा हात लागण्याची गरजच उरू नये, तो जागच्या जागी कुजून त्याचे सोनखत व्हावे, अशी रचना त्यांना हवी होती. यामागचे विज्ञान पक्के आहे. नीट रचलेल्या खताच्या ढिगात जिवाणूंच्या कामामुळे उष्णता निर्माण होते आणि तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. हे तापमान काही दिवस टिकले तर रोगजंतू आणि जंतांची अंडीही मरतात. कच्चा मैला हाताळणाऱ्याला रोग होतो, पण पूर्ण कुजलेले खत हाताळणाऱ्या शेतकऱ्याला तो धोका फारच कमी असतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४९ साली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. त्यानंतर केंद्र पातळीवर मलकानी समितीने १९६० साली अहवाल दिला. टोपलीच्या संडासातला मैला पाटीत भरून ती डोक्यावरून वाहून नेण्याची पद्धत बंद व्हावी, हा या प्रयत्नांचा गाभा होता. पाटीतून गळणारे पाणी कामगाराच्या डोक्यावरून चेहऱ्यावर, डोळ्यांत आणि तोंडापर्यंत येई. हातगाडीसाठी सरकारी अनुदान देण्यात आले. आज ऐकताना हातगाडी हा किरकोळ बदल वाटतो. तो किरकोळ नव्हता, कारण त्याने मैला आणि माणसाचे तोंड यांत अंतर निर्माण केले. परंतु जेथे रस्ता अरुंद, चढणीचा किंवा पायऱ्यांचा होता, तेथे चाक चालत नसे आणि पाटी डोक्यावरच राही. साधन कामाच्या जागेला साजेसे नसेल तर ते पडून राहते, हा अनुभव पुढेही वारंवार आलेला आहे.

कोरड्या संडासांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला तो १९९३ साली. बर्वे समितीच्या अहवालानंतर ४१ वर्षांनी.

पायातली वहाण

हातांइतकाच पायांचाही इतिहास आहे. आर्थर लूस हे शास्त्रज्ञ १८९८ साली कैरो येथे अंकुशकृमींवर प्रयोग करत होते. या कृमीच्या अळ्या असलेल्या पाण्याचा एक थेंब चुकून त्यांच्या हातावर सांडला. त्या जागी खाज सुटली आणि ती लाल झाली. काही आठवड्यांनी त्यांच्या स्वतःच्या शौचात अंकुशकृमीची अंडी सापडली. हा जंत तोंडावाटेच शरीरात जातो, अशी तोवर समजूत होती. तो धडधाकट कातडीतूनही आत शिरतो, हे या अपघाताने समजले. आत गेलेला कृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतो आणि माणसाला पांडुरोग होतो. अनवाणी कामगार ‘आळशी’ किंवा ‘अशक्त’ का दिसतो, याचे एक कारण असे पायाखाली होते.

दुसरे उदाहरण लेप्टोस्पायरोसिसचे. या रोगाचा जंतू जपानी शास्त्रज्ञ इनाडा आणि इडो यांनी १९१५ च्या सुमारास शोधला. त्यांचे रोगी होते क्यूशू बेटावरच्या कोळशाच्या खाणीतले कामगार. खाणीत पाणी साचलेले असे आणि उंदीरही असत. हा जंतू उंदरांच्या मूत्रपिंडात राहतो आणि त्यांच्या मूत्रातून ओल्या मातीत येतो. ओलावा असेल तर तो तेथे काही आठवडे जगतो. पायाला साधा ओरखडा असला तरी तो आत शिरतो. म्हणून हा रोग खाणकामगार, गटार साफ करणारे आणि चिखलात भातलावणी करणारे यांना अधिक होतो. ऊन, कोरडेपणा आणि ब्लीचिंग पावडर यांच्यापुढे मात्र हा जंतू फार टिकत नाही.

महापुरानंतरचा चिखल

ही माहिती महाड-पोलादपूरच्या लोकांना पुस्तकी वाटणार नाही. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. त्याच पावसानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. पुढे २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा तसाच पाऊस झाला. महाबळेश्वरला २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ते पाणी सावित्रीने आधी पोलादपूरकडे आणि मग महाडला आणले. तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. महाडच्या बाजारपेठेत पाणी कित्येक फूट चढले.

पाणी ओसरल्यावर जे मागे राहिले ते केवळ माती नव्हती. दुकानांतले भिजलेले धान्य, घराघरातले सामान, मेलेली जनावरे, गटारांतला गाळ आणि सेप्टिक टाक्यांतून वर आलेला मैला यांचा तो थर होता. ठाणे, नवी मुंबई अशा शहरांच्या महापालिकांनी सफाई कामगारांची पथके आणि यंत्रे महाडला पाठवली. स्थानिक कामगारांच्या अडचणीची कल्पना वेगळीच करायला हवी. शहर साफ करायला निघालेल्यांपैकी अनेकांच्या स्वतःच्या घरांतही तोच चिखल असणार.

अशा कामासाठी काय लागते, हे शास्त्र नेमके सांगते. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि जाड हातमोजे लागतात. जखम असेल तर पाण्यात उतरण्यापूर्वी ती झाकावी लागते. धनुर्वाताची लस घेतलेली असावी लागते. लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनची मात्रा देता येते. पनामात सराव करणाऱ्या अमेरिकन सैनिकांवरील, १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्याला २०० मिलिग्रॅमच्या मात्रेने या रोगाचे प्रमाण खूपच घटल्याचे दिसले होते. आणि काम संपल्यावर अंग धुवायला स्वच्छ पाणी व साबण लागतो. महापुरात नेमके हेच अवघड होते, कारण पाण्याच्या योजनाच बंद पडलेल्या असतात. चहूकडे पाणी असताना हात धुवायला पाणी नाही, अशी स्थिती होते.

साधने असूनही

‘आम्ही हातमोजे देतो, पण कामगार ते वापरत नाहीत’ ही तक्रार अनेक नगरपालिकांत ऐकू येते. यामागे बेफिकिरी आहे असे समजण्याआधी, रामाझ्झिनींप्रमाणे कामगाराला कारण विचारावे. कोकणच्या दमट हवेत रबरी मोज्यात हात घामाने थबथबतात, फावड्याचा दांडा निसटतो, एकाच मापाचे मोजे सर्वांना पुरत नाहीत आणि फाटलेला मोजा वेळेवर बदलून मिळत नाही. ओल्या मोज्याच्या आत कातडीला खाज सुटते. खराट्याला आखूड दांडा असला तर दिवसभर वाकून पाठ धरते आणि तोंड धुळीच्या जवळ येते. दांडा लांब केला तर दोन्ही त्रास कमी होतात आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

व्यवसायजन्य आरोग्याच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड सांगितली जाते. आधी धोकाच नाहीसा करावा. ते जमत नसेल तर यंत्राने किंवा कामाच्या रचनेने माणूस आणि धोका यांत अंतर ठेवावे. मोजे, मुखपट्टी, बूट हे सर्वांत शेवटचे उपाय. आपल्याकडे या उतरंडीची सुरुवात बहुधा शेवटच्या पायरीपासून होते.

सेप्टिक टाकीच्या बाबतीत तर ही चूक जीवघेणी ठरते. कोकणातल्या लहान शहरांत बहुतेक घरांना सेप्टिक टाकी असते. तिच्यात मोडेनाच्या खड्ड्यातलाच हायड्रोजन सल्फाइड साठतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. थोड्या प्रमाणात असताना कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येत नाही म्हणून माणूस निर्धास्तपणे उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला उतरणारा दुसराही कोसळतो. साधी कापडी मुखपट्टी या वायूला अडवू शकत नाही. टाकीत माणूस उतरवायचाच नाही, पंपाने आणि टँकरने ती उपसायची, हाच खात्रीचा उपाय आहे. २०१३ च्या कायद्याने गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत संरक्षणाविना माणूस उतरवण्यावर बंदी घातली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठीची भरपाई ३० लाख रुपये केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागला, याचाच अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत.

पाण्याचे काय? १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्यात पिण्याचे पाणी आणि हातपाय धुण्याची सोय बंधनकारक केली. पण सफाई कामगाराचा कारखाना म्हणजे रस्ता. त्याला भिंती नाहीत, दार नाही आणि म्हणून नळही नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, बूट आणि मुखपट्टी देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. परंतु यादीतल्या वस्तू मिळाल्या तरी काम चालू असताना हात कुठे धुवायचे, हा प्रश्न रस्त्यावर उरतोच. शिवाय आज पुष्कळ ठिकाणी हे काम ठेकेदारामार्फत होते. कंत्राटी कामगार नेमका कोणाचा, यावरच वाद चालतो. मुंबईतल्या सुमारे २७०० कंत्राटी कचरा कामगारांना कायम करण्याच्या बाजूचा अंतिम निकाल २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून मिळाला, तोही दीर्घ लढ्यानंतर.

वर्गात काय करता येईल

पोलादपूरसारख्या गावातही आता नगरपंचायत आहे आणि दारात घंटागाडी येते. आपल्या गावात ती येत असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करता येईल.

उपायांच्या उतरंडीतली पहिली पायरी, म्हणजे धोकाच नाहीसा करणे, विद्यार्थ्यांच्या घरात आहे. फुटलेली काच, दाढीचे पाते, इंजेक्शनची सुई हे ओल्या कचऱ्यात गेले की ते कामगाराच्या हातात घुसणार. वापरलेल्या सुईतून कावीळ बी चे विषाणू शरीरात जाऊ शकतात. काच जाड कागदात गुंडाळून, त्यावर खूण करून वेगळी देणे ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. विद्यार्थ्यांनी आठवडाभर आपल्या घरच्या कचऱ्याची नोंद ठेवावी आणि त्यात हाताला इजा करू शकतील अशा किती वस्तू होत्या ते मोजावे. वर्गातल्या सर्व घरांची बेरीज करून ती गावातल्या घरांच्या संख्येशी ताडून पाहावी. हे त्रैराशिक मुलांना सहज जमेल.

दुसरा उपक्रम प्रश्नांचा. घंटागाडीवरच्या मावशींना किंवा काकांना, त्यांची परवानगी घेऊन आणि त्यांच्या सवडीने, चार-पाच विद्यार्थ्यांनी काही गोष्टी विचाराव्यात. दिवसाचे काम किती वाजता सुरू होते? शेवटची वैद्यकीय तपासणी कधी झाली? धनुर्वाताची आणि कावीळ बी ची लस मिळाली आहे का? मोजे कोणत्या मापाचे हवेत? कामावर असताना हात धुवायला पाणी कुठे मिळते, आणि जेवणाचा डबा कुठे बसून खाता? उत्तरे नावे न घालता लिहून काढावीत, शाळेतर्फे नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांना पाठवावीत आणि काय उत्तर येते याची वाट पाहावी. दोन-तीन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारून काय बदलले ते पाहता येईल.

सार्वजनिक पाणी सर्वांना खुले आहे, असा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ साली केला होता आणि तो कागदावरच राहिला होता. आपल्या गावात आज घंटागाडीच्या वाटेवर सार्वजनिक नळ किती आहेत आणि त्यांतले किती चालू आहेत, एवढी मोजणी एका सकाळी करता येते. ती करून झाली, की आरोग्याच्या धड्यातली सवयींची यादी पुन्हा एकदा वाचावी.